हायड्रोकार्बने आणि आपली इंधने : वर्गात सांगावयाच्या काही गोष्टी

पावसाळी मासेमारी-बंदीच्या दिवसांत घिवलीच्या शाळेस भेट देण्याचा योग आला. नौका किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या होत्या व एरवी गैरहजर राहणारी मोठी मुलेही वर्गात होती. विज्ञानाचा तास चालू होता. स्वयंपाकाचा गॅस गळू लागला तर काय करावे, असा प्रश्न मी मुलांना केला आणि उत्तर येण्याची वाट न पाहता, जुन्या शिक्षकाच्या खोडीप्रमाणे, ते मीच सुचविले : वायू हलका असतो, तो वर जातो, म्हणून वरची झडप उघडावी. मागच्या रांगेतील एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, आमच्या बोटीत तो खाली बसतो. बाबा म्हणतात, फळ्या काढून वारा खेळवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.”

मुलगी बरोबर होती आणि मी चुकलो होतो. चूक त्या दिवसापुरती असती तर तिचा उल्लेख येथे केला नसता. परंतु ‘वायू हलका, म्हणून वर जातो’ हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कित्येक वर्गांना घोकावयास लावले आहे, आणि पुढे भेटींच्या निमित्ताने ते अनेक ठिकाणी ऐकलेही आहे. हे वाक्य काही वायूंच्या बाबतीत खरे व काहींच्या बाबतीत घातक आहे. ते केव्हा खरे व केव्हा खोटे, हे समजण्यासाठी इंधनाच्या रसायनात थोडे खोल उतरावे लागते. म्हणून हा लेख.

प्रथम नावाविषयी. कार्बन व हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांपासून बनलेल्या संयुगांस हायड्रोकार्बने म्हणतात. शिक्षकांच्या उत्तरांत या शब्दाची व ‘कर्बोदके’ या शब्दाची गल्लत वारंवार आढळते. वास्तविक मराठी शब्दच ही गल्लत दूर करण्यास पुरेसा आहे. कर्बोदक म्हणजे कर्ब अधिक उदक. साखर, पिष्ट, लाकडातील तंतुद्रव्य यांत कार्बनच्या जोडीला हायड्रोजन व प्राणवायू हे साधारणपणे पाण्यातल्याच प्रमाणात असतात. हायड्रोकार्बनात प्राणवायूचा अंशही नसतो. हा भेद केवळ व्याख्येचा नव्हे; चुलीतील लाकूड व स्टोव्हमधील रॉकेल यांच्या उष्णतेत जो फरक आपण रोज पाहतो, त्याचे मूळ येथेच आहे. त्याकडे पुढे वळू.

कार्बनच्या अणूस चार हात असतात व हायड्रोजनच्या अणूस एकच, असे मुलांना सांगण्याची पद्धत आहे. किनाऱ्यावरील शाळांत याहून चांगला दाखला हाताशी आहे. जाळ्याची कोणतीही एक गाठ पाहण्यास सांगावे. तिच्यातून सुताचे चार पदर निघतात, तीन नाही आणि पाचही नाही. ही गाठ म्हणजे कार्बनचा अणू. गाठीचे चारही पदर मोकळे असून प्रत्येक पदराच्या टोकाला एकेक हायड्रोजन बांधला, तर झाला मिथेन. हा सर्वांत लहान हायड्रोकार्बन होय. दोन गाठी एका पदराने एकमेकींस जोडल्या, तर उरलेल्या सहा टोकांना सहा हायड्रोजन, म्हणजे इथेन. तीन गाठींचा प्रोपेन, त्याला आठ हायड्रोजन. चार गाठींचा ब्यूटेन, त्याला दहा. पुढची संख्या मुलांनी स्वतः काढावी. चिखलाचे गोळे व झाडूच्या काड्या घेऊन हे करविले तर नियम सांगावाच लागत नाही : गाठींच्या दुपटीत दोन मिळवावेत. एखादे चलाख मूल गाठी सरळ रांगेऐवजी फांदीसारख्या जोडील व विचारील की आता काय? तेव्हा त्यास शाबासकी द्यावी. चार गाठींपासून दोन निरनिराळे पदार्थ होऊ शकतात, हे त्याने आपल्या हाताने शोधून काढले.

आता साखळी जसजशी लांब होते, तसतसा पदार्थ बदलतो. एक ते चार कार्बनची हायड्रोकार्बने आपल्याकडील तापमानास वायुरूप असतात. पाचपासून सुमारे सतरा-अठरापर्यंतची द्रवरूप, त्यापुढची मेणासारखी घन. आखूड सुतळीचे तुकडे ढिगातून सहज सुटे होतात, लांब दोर एकमेकांत गुंततात, तसेच हे आहे. मिथेन उणे १६१ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला, ब्यूटेन शून्याच्या आसपास. पेट्रोल हे साधारण चार ते बारा कार्बनच्या साखळ्यांचे मिश्रण आहे, रॉकेल त्याहून लांब साखळ्यांचे, डिझेल आणखी लांब साखळ्यांचे. मेणबत्तीचे मेणही याच कुळातले. मधमाशीचे मेण मात्र नव्हे. रस्त्यावरचे डांबर हा या कुळातील सर्वांत जड, गाळासारखा उरणारा भाग.

या सर्वांचा उगम एक, तो म्हणजे खनिज तेल. पेट्रोलियम या शब्दाचा अर्थच मुळी ‘दगडाचे तेल’ असा आहे. मुलांच्या मनात, आणि खरे सांगावयाचे तर काही शिक्षकांच्याही मनात, असे चित्र असते की भूगर्भात तेलाचे तलाव आहेत व विहिरीसारखे त्यांतून तेल उपसतात. तसे नाही. भिजलेल्या स्पंजात पाणी असते तसे तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असते व वर अभेद्य खडकाचे झाकण असल्यामुळे ते तेथे अडकून राहते. दुसरा समज असा की हे तेल प्रचंड सरीसृपांच्या देहांचे आहे. त्याचा खरा उगम समुद्रात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांत आहे. ते मरून तळाशी गाळात गाडले गेले आणि कोट्यवधी वर्षांच्या दाबाने व उष्णतेने त्यांच्या अवशेषांचे तेल व वायू बनले.

आपल्या जिल्ह्यातील शिक्षकास याचे उदाहरण परदेशातून आणण्याचे कारण नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ड्रेकची विहीर १८५९ ची व आसामातील दिग्बोईची तेलप्राप्ती १८८९ ची, ही माहिती द्यावी. पण आपल्या मुलांना पश्चिमेकडे बोट दाखवून सांगावे की याच समुद्रात तेल आहे. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तरत्या छिद्रणयंत्राने १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल शोधले. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. या क्षेत्रास आपण बॉम्बे हाय अथवा मुंबई हाय या नावाने ओळखतो. तेथील तेल प्रामुख्याने चुनखडकात मुरलेले आहे, आणि चुनखडक म्हणजे बव्हंशी सागरी जीवांच्या कवचांचाच साठा. जी शिंपली मुले वाळूत वेचतात, तिचाच तो पूर्वज. वसईच्या नावाने ओळखले जाणारे वायुक्षेत्रही याच समुद्रात असून तेथील नैसर्गिक वायू समुद्रतळावरील नळाने गुजरातेत हजिरा येथे जातो. या वायूत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मिसळलेला असतो. तो हजिऱ्यास वेगळा केल्यावरच इंधन पुढे पाठवितात.

ट्रॉम्बे येथील दोन तेलशुद्धीकरण कारखाने १९५४ व १९५५ साली सुरू झाले. तेथे काय घडते? तेल तापवून त्याची वाफ उंच मनोऱ्यात सोडतात. मनोरा खाली अधिक तप्त व वर थंड असतो. लांब साखळ्या लवकर द्रवतात, त्या खालच्या मजल्यांवर जमतात. आखूड साखळ्या वरपर्यंत जातात. सर्वांत वर वायू, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, व तळाशी डांबर. यात काही नवे निर्माण झाले नाही, मिसळलेले केवळ निवडले गेले. बोंबील, करंदी व मांदेली एकाच जाळ्यात येतात व ओट्यावर निवडली जातात, असे सांगितले की चौथीचे मूलही हे समजते.

या कुळात आणखी एक शाखा आहे. तिच्यात दोन कार्बन एका पदराने न जोडता दोन वा तीन पदरांनी जोडलेले असतात. दोन पदरांचा एथिलीन हा वायू पिकणारे फळ स्वतःच सोडते. डहाणू-घोलवडचा चिकू पेटीत ठेवला असता एकाबरोबर सगळे पिकतात ते त्यामुळे. तीन पदरांचा ॲसिटिलीन कार्बाइडवर पाणी टाकले की निघतो. त्याचे दिवे पूर्वी जत्रेत असत. कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, एवढे सांगून पुढे जावे.

आता मुख्य विषय, म्हणजे जळणे. जळणे म्हणजे इंधनाचा प्राणवायूशी संयोग. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी होते, आणि या संयोगात उष्णता बाहेर पडते. ज्वालेतून पाणी निघते, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. यास्तव मेणबत्तीवर क्षणभर एक कोरडा, थंड पेला उपडा धरावा. आतून धुके येते. तेच पाणी. मग तोच पेला उलटा करून त्यात चुन्याची निवळी घालून हलवावी. ती दुधी होते. तो कार्बन डायऑक्साइडचा पुरावा. आता ज्योतीच्या पिवळ्या भागात क्षणभर चमचा धरावा, काजळी धरते. हा न जळलेला कार्बन. एका मेणबत्तीने तिन्ही गोष्टी सिद्ध होतात. चौथी गोष्ट मुलांना सर्वांत आवडते. मेणबत्ती विझविताच वातीतून पांढरी रेघ वर जाते, तिला दुरूनच काडी लावली की ज्योत रेघेवरून उडी मारून वातीवर येते. याचा अर्थ मेण जळत नसून मेणाची वाफ जळते. रॉकेलचेही तसेच, डिझेलचेही तसेच. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण इंधनापासूनचा बहुतेक धोका हा वाफेचा धोका आहे.

हिशेबाची आवड असलेल्या शिक्षकांसाठी थोडे गणित. ४४ भाग प्रोपेनला पूर्ण जळण्यास १६० भाग प्राणवायू लागतो व १३२ भाग कार्बन डायऑक्साइड आणि ७२ भाग पाणी मिळते. दोन्ही बाजूंची बेरीज २०४ येते, ती मुलांकडून करून घ्यावी. घरगुती बाटल्यात १४.२ किलोग्रॅम इंधन असते, ते प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. ते संपेपर्यंत सुमारे २२ किलोग्रॅम पाणी व सुमारे ४३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. रिकामा बाटला हलका का व गेलेले कोठे गेले, या प्रश्नाचे हे उत्तर. त्यासाठी जी हवा लागते ती सुमारे २२० किलोग्रॅम भरते. म्हणजे सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा पावणेदोन खोल्यांतील सगळी हवा. दारे-खिडक्या बंद करून स्वयंपाक करू नये, हे या आकड्यावरूनच कळावे.

हवा अपुरी पडली तर कार्बन पूर्ण जळत नाही. काही काजळी होते, काही कार्बन मोनॉक्साइड होतो. या दुसऱ्या वायूस रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो व माणूस झोपेतच मरतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे, नौकेच्या बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटता ठेवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच प्राणघातक आहेत. निळी ज्योत म्हणजे पूर्ण ज्वलन, पिवळी व भांडे काळे करणारी ज्योत म्हणजे हवा कमी, हे घरी जाऊन पाहण्यास मुलांना सांगावे.

लाकडाविषयी वर आश्वासन दिले होते. लाकडातील तंतुद्रव्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग प्राणवायूच असतो. म्हणजे ते अर्धे आधीच जळल्यासारखे आहे. त्याच्याकडून मिळावयाची उष्णता तितकी उरलेली नाही. सुक्या लाकडाच्या एका किलोग्रॅमपासून सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, लोणारी कोळशापासून सुमारे ७,०००, रॉकेल व डिझेलपासून १०,००० हून किंचित अधिक, व बाटल्यातील वायूपासून सुमारे ११,०००. त्यातही साध्या चुलीवर लाकडाची बरीचशी उष्णता वाया जाते व धूर मात्र स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत व छातीत जातो. माझ्या लहानपणी घरात स्वयंपाक चुलीवरच होई. आईचा सकाळचा खोकला हा आम्हास घड्याळासारखा वाटे. तो धुराचा होता, हे मला प्रशिक्षण विद्यालयात रसायनशास्त्र शिकताना कळले.

गावात गोबर गॅसचे संयंत्र असेल तर मुलांना तेथे अवश्य न्यावे. त्यातील निम्म्याहून अधिक भाग मिथेन असतो. कुजणाऱ्या पदार्थांवर, हवा नसताना, सूक्ष्म जंतू काम करतात व मिथेन सोडतात. तळ्याच्या चिखलात काठी खुपसली की वर येणारे बुडबुडे तेच. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली सरोवराच्या गाळातून असेच बुडबुडे जमवून पेटवून पाहिले होते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू तयार करून वापरला गेला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असावी असे मला वाटते.

येथे घिवली-तारापूर परिसरातील शिक्षकांसाठी एक सूचना. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासूनचे आहे व तेथील युरेनियमलाही ‘इंधन’ म्हणतात. त्यामुळे मुलांना वाटते की आत काहीतरी जळत आहे. युरेनियम जळत नाही. त्यास प्राणवायू लागत नाही, धूर होत नाही. तेथे अणूचे केंद्रच फुटते. डहाणूच्या औष्णिक केंद्रात मात्र दगडी कोळसा खरोखरच जळतो. एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, हे स्पष्ट करावे व तो विषय तेथेच सोडावा; तो निराळ्या लेखाचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. वायू वर जाईल की खाली बसेल, हे कशावरून ठरते? त्याच्या रेणूच्या भारावरून. हवेचा सरासरी भार २९ धरावा. मिथेनचा १६. म्हणून नैसर्गिक वायू, रिक्षा-मोटारीत भरला जाणारा सी.एन.जी. व शहरांत नळाने येणारा गॅस गळला तर वर जातो. मुंबईच्या रस्त्यांवर १८६० च्या दशकात दगडी कोळशाच्या वायूचे दिवे लागले, तोही हवेहून हलका होता. माझे जुने वाक्य या सर्वांस लागू पडते. परंतु प्रोपेनचा भार ४४ व ब्यूटेनचा ५८. म्हणजे बाटल्यातील वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो गळला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, उंबऱ्याशी अडतो, खड्ड्यात, गटारात उतरतो. वरची झडप उघडून त्याचे काही बिघडत नाही. दार उघडावे लागते, आणि वारा जमिनीलगत खेळवावा लागतो. शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर ज्या शाळांत आहे, त्यांनी भिंतीच्या तळाशी हवा जाण्याची जागा आहे किंवा नाही, हे आजच पाहून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी उंदीर येतात म्हणून ती बुजविलेली असते. बुजवू नये, जाळी लावावी.

घराला निदान दार असते. बोटीला नसते. बोट म्हणजे एक मोठे पातेलेच. ज्या घडणीमुळे पाणी आत येत नाही, तिच्यामुळेच जड वायू बाहेर जात नाही. मासेमारीस कित्येक दिवस बाहेर राहणाऱ्या नौकांवर आता स्वयंपाक बाटल्यावर होतो. नळी सैल झाली, बाटला फळ्यांखाली ठेवलेला असला, की वायू तळाशी जमतो. हवेत सुमारे दोन टक्के वायू मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकते. नऊ-साडेनऊ टक्क्यांच्या वर गेल्यास पेट घेत नाही, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. समजा, बोटीच्या पोटात दहा घनमीटर जागा आहे. तिचे दोन टक्के म्हणजे २०० लिटर वायू. एक लिटर द्रव बाहेर पडला की त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. म्हणजे २०० लिटरला लागतो अर्ध्या किलोग्रॅमहूनही कमी ऐवज. रात्रभर हळूहळू गळणाऱ्या नळीला हे सहज शक्य आहे. आणि ठिणगी देणारे यंत्र त्याच पोटात बसविलेले असते. पहाटे तांडेल कळ फिरवितो तेव्हा काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही.

या वायूस स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक गंधकयुक्त, उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. घरात तो पुरेसा आहे. पण जेथे डिझेल, सुकी मासळी व तळाचे साचलेले पाणी यांचा वास बारमाही भरलेला असतो, तेथे नाकावर भरवसा ठेवणे धोक्याचे. म्हणून त्या मुलीच्या वडिलांची रीतच खरी : वास येवो अथवा न येवो, आधी फळ्या काढावयाच्या, वारा खेळवावयाचा, मग यंत्र सुरू करावयाचे. बाटला उघड्या डेकवर, उभा, बांधून ठेवावा. रात्री नुसती शेगडीची चावी नव्हे तर बाटल्याचा रेग्युलेटर बंद करावा. गळतीची शंका आली तर काडी ओढू नये, विजेचे बटण चालू करू नये आणि चालू असेल तर बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. जमिनीवर असाल तर १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळतीचा शोध साबणाच्या फेसाने घ्यावा. पेटती काडी फिरवून शोध घेणारे शूर लोक मी पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण वर्गात कोणी करू नये म्हणून हे लिहिले.

वायू किती वेगाने घात करतो याचे उदाहरण आपल्याच समुद्रातले आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय येथे एक मदतनौका तेलफलाटावर आदळून वायूचा नळ फुटला व आग लागली. २२ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे तर प्रशिक्षित माणसे व साधने होती.

डिझेलची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या लांब साखळ्यांमुळे साध्या तापमानास त्याची फारशी वाफ होत नाही, म्हणून ते पेट्रोलइतके चटकन पेटत नाही. पेट्रोलची वाफ मात्र अतिशय थंडीतही पेटण्याइतकी होते, आणि तीही हवेहून जड असते. रॉकेलमध्ये पेट्रोलचा थोडा अंश मिसळला गेला तरी स्टोव्ह अथवा चिमणी बाँबसारखी होते. त्यामुळे ज्या डब्यात एकदा पेट्रोल होते त्यात रॉकेल भरू नये. जळत्या तेलावर पाणी ओतू नये, हेही याच रसायनातून येते. तेल पाण्याहून हलके, ते पाण्यावर तरंगत पसरते व आग घेऊन जाते. वाळू, माती, ओले गोणपाट टाकावे. किनाऱ्यावर वाळूची तरी वाण नाही. प्रत्येक बोटीवर व प्रत्येक शाळेच्या स्वयंपाकघरात एक घमेले भरून ठेवावे.

राहता राहिला प्रयोग. जड वायूचे वर्तन मुलांना दाखविणे अगत्याचे आहे, आणि ते बाटल्यातील वायूने कदापि दाखवू नये. सृष्टीने येथे आपली एक सोय करून ठेवली आहे : कार्बन डायऑक्साइडचा भारही प्रोपेनइतकाच, बरोबर ४४. म्हणून जे एक करील तेच दुसरा करील, फरक एवढाच की हा पेटत नाही, उलट ज्योत विझवितो. एक खोल पातेले घ्यावे. तीच आपली बोट. तिच्यात तीन मेणबत्त्या अशा लावाव्यात की एकीची ज्योत तळापासून चार सेंटिमीटरवर, दुसरीची आठवर, तिसरीची बारावर येईल. तळाशी दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा व तितकेच लिंबूसत्त्व पसरावे आणि पातेल्याच्या कडेने बेताबेताने पाणी सोडावे. वाऱ्याची खिडकी तेवढ्यापुरती बंद असावी. फेस येतो, वायू निघतो, दिसत काहीच नाही. पण खालची ज्योत प्रथम विझते, मग मधली, आणि काही वेळाने वरची. न दिसणारे पाणी चढत आहे असे मुलांना वाटते. मग पातेल्यातील मेणबत्त्या काढून वायू नव्याने तयार करावा व बाहेर ठेवलेल्या पेटत्या मेणबत्तीवर, द्रव सांडू न देता, पाणी ओतावे तसा ओतावा. ती विझते. शेवटी पातेले तसेच ठेवून, वर पंख्याने वारा घालावा आणि मग एक पेटती काडी आत उतरवून पाहावी. काडी कितपत खाली गेल्यावर विझते, हे वारा घालण्यापूर्वी व घातल्यानंतर मोजावे. फळ्या काढून वारा खेळविण्यात किती वेळ जावयास हवा, या प्रश्नावर बोलणे येथून सुरू करता येते, आणि त्या बोलण्यात किनाऱ्यावरील मुलांना शिक्षकाहून अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे.

नारळी पौर्णिमेपूर्वी नौका पाण्यात लोटण्याची तयारी सुरू होते व बाटले चढविले जातात. हा पाठ त्याआधीच्या आठवड्यात घ्यावा आणि शक्य असल्यास पालकांनाही त्या तासास बोलवावे. लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळते. निवळीसाठी पानाचा चुना चालतो. तो आदल्या दिवशी भरपूर पाण्यात ढवळून ठेवावा, दुसऱ्या दिवशी वरचे स्वच्छ पाणी अलगद काढून घट्ट बुचाच्या बाटलीत भरावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये. बाटली उघडी राहिली तर हवेतील कार्बन डायऑक्साइडनेच निवळीवर साय धरते, आणि मग ऐन तासाला ती दुधी होते की आधीच होती, यावर वर्गात वाद होतो.